फांदी थांबेल, पाणी थांबणार नाही

"गेल्या आठवड्यातल्या वादळात अंगणातल्या मोठ्या झाडाची जाड फांदी मोडून छपरावर आली. तिचं एक टोक कौलांवर टेकलंय, दुसरं अजून झाडाला थोडंसं धरून आहे. पाच-सहा कौलं फुटली आणि आतल्या खोलीच्या छताला ओला डाग आलाय. मागच्या बाजूचं एक मध्यम झाड मुळासकट आडवं झालंय. दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा शेजाऱ्यांचा जनरेटर व्हरांड्यात ठेवून खिडकीतून वायर आत घेतली होती. आता मुलाने मित्राकडून पेट्रोलवरची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, आणलीय. रविवारी शिडी लावून स्वतःच फांदी कापतो म्हणतोय. व्हिडिओ बघितलेत, सगळं समजतं, म्हणतो. मी नको म्हटलं की चिडतो. त्याला अडवू का? विम्यातून काही मिळेल का? आणि असली यंत्रं घरात घेऊन ठेवावीत का?"
– एक वाचक आई

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. हो, अडवा. शिडीवर चढून ती फांदी कापू देऊ नका, मग तो चार दिवस रुसला तरी चालेल. रुसवा कसा काढायचा ते पुढे सांगतो, कारण त्याच्या हातांना करण्याजोगं काम तुमच्या अंगणात भरपूर पडलं आहे.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि जाणवलं, की सगळ्या घराचं लक्ष त्या एका फांदीवर खिळलंय. ती डोळ्यांसमोर दिसते, भीती घालते. ओला डाग मात्र एका वाक्यात येऊन गेला. कामाचा क्रम उलटा लावा. फांदीखाली कोणी जाणार नाही एवढी काळजी घेतली, खालची खोली रिकामी केली, अंगणात दोरी बांधून तेवढा भाग बंद केला, तर जाणकार माणूस मिळेपर्यंत ती तिथे राहू शकते. पाणी राहत नाही. ते रोज थोडं पुढे सरकतं, वाशात मुरतं, भिंतीत उतरतं. भिजलेलं लाकूड, गाद्या, कापड 24 ते 48 तासांत वाळलं नाही तर बुरशी धरायला लागते. तुमच्याकडे तर आठवडा होऊन गेला.

त्याच्याही आधी पाच मिनिटांचं एक काम आहे. जमिनीवर, लांब उभं राहून, घरात येणारी विजेची तार कुठून कुठे जाते ते नीट बघा. ती फांदीला टेकली असेल, लोंबत असेल किंवा खाली पडली असेल, तर तिच्यापासून किमान 10 मीटर लांब राहायचं आणि वीज कंपनीला कळवायचं. भागातली वीज गेलेली असली तरी तार मेलेली आहे असं धरू नका. दुरुस्ती झाली की ती कोणालाही न सांगता पुन्हा जिवंत होते. काठीने तार बाजूला सारायला जाऊ नये, ओल्या लाकडातून वीज येते. पडलेल्या तारेभोवती जमिनीतही वीज पसरलेली असते आणि दोन पावलांत जितकं अंतर जास्त, तितका विजेचा दाब दोन पायांत जास्त पडतो. म्हणून चुकून जवळ गेलंच कोणी, तर धावत सुटायचं नाही. पावलं एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत घासत मागे यायचं.

आता जनरेटर. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, आणि मला मात्र तो त्या फांदीपेक्षा जास्त भयंकर वाटला. व्हरांडा उघडा असतो, हवा खेळती असते, असं आपल्याला वाटतं. पण जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. ज्या खिडकीतून तुम्ही वायर आत घेतली, त्याच फटीतून तोही आत आला असणार. त्या दोन दिवसांत घरात कोणाचं डोकं दुखत होतं का, मळमळत होतं का, सकाळी उठताना जड वाटत होतं का, विचारून बघा. बहुतेक वेळा माणसं दगदगीने झालं असेल म्हणून सोडून देतात. झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. पुढच्या वेळी जनरेटर घराच्या दारा-खिडक्यांपासून किमान 6 मीटर लांब, उघड्यावर, धुराचं तोंड घराकडे नाही अशा बेताने ठेवा. पाऊस असेल तर त्याच्यासाठी वेगळा आडोसा करा, पण तो घराला लागून नको. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमधून वीज सोडण्याचा प्रकार कोणी सुचवला, तर साफ नाही म्हणा. ती वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्टची होते, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. घराला जोडायचाच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी बाहेरची किंवा जनरेटरची एकच वीज जोडणारा स्विच, बसवून घ्यायला हवा.

आता त्या डागाकडे वळू. फांदी वर असेपर्यंत छपरावर कोणी चढायचं नाही, तेव्हा सध्याचं सगळं काम आतून. खोलीतले दिवे आणि पंखा बंद करून त्या भागाचा एमसीबी पाडून ठेवा. छताला कुठे फुगवटा आला असेल तर वर पाणी साठलं आहे असं समजा. खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून, फुगवट्याच्या सगळ्यांत खोल जागी लहानसं भोक पाडा. बघवत नाही, पण एका भोकातून पाणी निघून गेलं तर सगळं छत कोसळत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या: डाग जिथे दिसतो तिथेच वर कौल फुटलेलं असेल असं नाही. पाणी वाशावरून, रिपांवरून ओघळत खाली येतं आणि जिथे अडतं तिथे टपकतं. म्हणून माळ्यावर जाता येत असेल आणि वासे धड दिसत असतील, तर फांदी टेकलेल्या भागापासून बाजूला राहून, टॉर्चच्या उजेडात ओलाव्याची रेघ वर आढ्याच्या दिशेने शोधत जा. सापडली की तिच्याखाली जाड प्लास्टिक उतरतं बांधून त्याचं टोक बादलीत सोडा. एवढ्याने घर पुढचा आठवडा काढेल. खोलीतल्या ओल्या गाद्या, गालिचे बाहेर काढा, कोरड्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावायचाच तर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवरून लावा.

फांदी उतरली की वरून ताडपत्री घालता येईल. ती फुटलेल्या जागेपुरती ठेवू नका, आढ्यावरून पलीकडच्या उतारावर नेऊन तिकडे अडकवा, म्हणजे पाणी वरच्या कडेखाली शिरत नाही. कडा लाकडी पट्ट्यांत गुंडाळून पक्क्या करा. मध्येच खिळे ठोकले तर प्रत्येक खिळा हे एक नवं भोक.

यातल्या कशालाही हात लावण्याआधी मात्र फोटो काढा. लांबून पूर्ण घर, मग फांदी, फुटलेली कौलं, डाग, भिजलेलं सामान, सगळं, तारखेसकट. विम्याचं तुम्ही विचारलंत ते इथेच येतं. पॉलिसीत वादळ ही जोखीम धरली आहे का ते आधी वाचा आणि आजच लेखी कळवा. आठवडा गेलाय, उशीर हे दावा अडण्याचं नेहमीचं कारण असतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर यायची वाट बघत घर गळू द्यायची गरज नाही. नुकसान वाढू नये म्हणून केलेली तात्पुरती दुरुस्ती योग्यच समजली जाते, फक्त तिची बिलं जपून ठेवा आणि फुटलेली कौलं, मोडका वासा टाकून देऊ नका, एका कोपऱ्यात रचून ठेवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये घरावर पडलेलं झाड हटवण्याचा खर्च मिळतो, पण नुसतं अंगणात पडलेल्या झाडाचा मिळत नाही. म्हणून पुढची फांदी आणि मागचं झाड यांची बिलं वेगवेगळी करून घ्या.

आता चिरंजीव. त्याला 'तुला जमणार नाही' असं म्हणू नका. तसं म्हटलं की तो रविवारची वाटही न बघता शनिवारीच चढेल. त्याला ती फांदी दाखवा आणि विचारा, कापल्यावर कुठला तुकडा कुठे जाईल? खालून बघताना ती नुसती पडून राहिलेली दिसते. प्रत्यक्षात तिच्यात ताण भरलेला आहे. दोन टोकांवर टेकलेली फांदी मधोमध स्वतःच्या वजनाने वाकते, तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वरून कापत गेलं की चीर मिटते आणि साखळी आत अडकते. खालून कापली की ती एकदम मोकळी होते. मग कौलांवरचा तुकडा उतारावरून घसरत खाली येतो, आणि झाडाला धरलेला तुकडा झोका घेऊन येतो, बहुतेक तिथेच, जिथे शिडी उभी आहे. शिडी फांदीला टेकवली असेल, तर वजन कमी झाल्याबरोबर ती फांदी वर उचलते आणि शिडीचा आधारच जातो. आणि त्या क्षणी माणसाच्या हातात चालू यंत्र असतं.

यंत्राचं आणखी एक. ज्या लांब पट्टीवर साखळी फिरते तिला बार म्हणतात. त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला नुसता लागला, तरी सगळं यंत्र उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. साखळी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावत असते, माणसाला दचकायलाही वेळ मिळत नाही. जमिनीवर दोन पाय रोवून, दोन्ही हातांनी धरलं असेल तर काही तरी सावरता येतं. शिडीवर एक हात शिडीला, म्हणजे यंत्र एका हातात, आणि तेही खांद्याच्या वर. व्हिडिओत हे सगळं सोपं दिसतं, कारण तिथे कापणारा माणूस हजारावी फांदी कापत असतो.

मागच्या आडव्या झाडाला तर आणखी जपा. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या अंगणात असंच एक झाड मुळासकट पडलं होतं. मुळांची गड्डी मातीसकट वर उभी राहिली होती, खाली मोठा खड्डा. दुपारी पुतण्या त्या खड्ड्यात उतरून मुळांत अडकलेली बाहुली शोधत होता. मी त्याला हाक मारून पाणी आणायला पाठवलं, काही सुचलं म्हणून नाही, तहान लागली म्हणून. तो घरात शिरला आणि कापणाऱ्याने बुंधा मुळाजवळ कापला. खोडाचं वजन सुटल्याबरोबर ती गड्डी सगळी मागे फिरली आणि धप्पकन खड्ड्यात बसली. उरलेला बुंधा पुन्हा सरळ उभा, जणू झाड कधी पडलंच नव्हतं. जमिनीचा हादरा पायांना कळला. पाणी घेऊन आलेलं पोर विचारत होतं, खड्डा कुठे गेला? त्या रात्री मला झोप आली नाही. तुमच्याकडच्या त्या खड्ड्याजवळ आजपासून कोणी जाऊ नये, विशेषतः मुलं. ते झाडही माहीतगाराकडूनच कापून घ्या.

माहीतगार कसा ओळखायचा? तो आल्या आल्या कापायला लागत नाही. आधी खालून चारी बाजूंनी फिरतो, तारा बघतो, वर दोर कुठे अडकवायचा ते ठरवतो. फांदी एकदम न पाडता लहान लहान तुकडे दोराला बांधून खाली उतरवतो. त्याच्याबरोबर खाली दोर धरणारा दुसरा माणूस असतो. नुसती शिडी आणि मशीन घेऊन जो येईल, त्याला परत पाठवा. वादळानंतर दारोदार फिरून सगळे पैसे आगाऊ मागणाऱ्यालाही. त्याच्या माणसांचा अपघात विमा आहे का विचारा आणि काय करणार ते लिहून घ्या. तुटलेल्या जागेचा फाटका भाग, फांदी खोडाला जिथे मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून, स्वच्छ कापून द्यायला सांगा. झाड ती जखम स्वतः भरून काढतं, वर रंग फासायची गरज नाही. त्याच वेळी उरलेलं झाडही तपासून घ्या. बुंध्याशी अळंबी उगवली असेल किंवा मुळांपाशी जमिनीला नवी भेग पडली असेल, तर पुढच्या वादळाची वाट बघू नका. झाड पूर्ण काढायचं ठरलं तर परवानगी लागते का ते आधी विचारा.

आणि इथून तुमच्या मुलाचं काम सुरू होतं. खाली उतरवलेली, जमिनीवर सपाट पडलेली, कुठेही वाकून न अडकलेली लाकडं त्याने खुशाल कापावीत. ते काम कमी नाही, दोन दिवस पुरेल. पण तयारीनिशी. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. कानांचं कोणी मनावर घेत नाही म्हणून आकडा देतो: 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास चालतो असं धरलं, तर दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. पेट्रोलची चेनसॉ 100 च्या पुढे जाते, म्हणजे उघड्या कानांनी पाव तासही नाही. पायांवर चेनसॉसाठी मिळणारं खास आवरण घालायला हवं. त्यातले लांब धागे साखळीत गुंततात आणि ती जागीच थांबवतात. जीन्स हा त्याला पर्याय नाही, जीन्स साखळीला कागदासारखी लागते.

मशीन चालू करताना जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून दोरी ओढायची. हातात लोंबकळती धरून नाही. साखळीचा ब्रेक लागतो ना, आणि ॲक्सिलरेटर सोडला की साखळी थांबते ना, हे लाकडाला लावण्याआधी बघायचं. थांबत नसेल तर त्या दिवशी ते मशीन वापरायचं नाही, मित्राला तसं सांगायचं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीला खालून पूर्ण गुंडाळलेला हवा. स्वतः बारच्या रेषेत उभं न राहता किंचित डावीकडे. दोन पावलंही चालायचं असलं तर ब्रेक लावून. लाकडातून जाडसर किस पडत असेल तर साखळी धारदार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की ती बोथट झाली. बोथट साखळीला माणूस जोर लावतो आणि जोर लावला की तोल जातो. थांबून कानस मारावी.

पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरायचं, आणि भरलं त्या जागेपासून 3 मीटर लांब जाऊन सुरू करायचं. पुस्तिकेत 50 ला 1 प्रमाण दिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, आणि साखळीचं तेल वेगळं. घरात आणखी कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, एकट्याने हे काम नाही. हात थरथरायला लागले की दिवस संपला असं समजायचं, मग उजेड कितीही उरलेला असो.

यंत्रं घरात असावीत का? माझं मत, चेनसॉ नको. दोन-तीन वर्षांतून एकदा हातात येणाऱ्या यंत्राची सवय कधी होत नाही, आणि सवय नसलेल्या हातांत हे यंत्र सगळ्यांत धोकादायक. त्याऐवजी एक चांगली वाकड्या पात्याची हातकरवत आणि जमिनीवरून पोहोचेल अशी लांब दांड्याची कात्री घ्या. वादळाआधी वाळक्या फांद्या त्यांनी वेळच्या वेळी काढल्या, तर निम्मं काम होतं.

गवतासाठी ब्रश कटर घेतला तर मात्र वापर होईल. बॅटरीवरचा घ्या, लहान अंगणाला पुरतो. विजेच्या वायरवरचा असेल तर तो 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, चालवा आणि एक्स्टेंशनची वायर रिळावरून पूर्ण सोडून घ्या, गुंडाळलेली वायर तापते. गवत कापणारी फिरती दोरी नायलॉनचीच वापरा. ती संपली म्हणून कोणी तारेचा तुकडा लावतात. तो तुटून सुटला तर गोळीसारखा जातो. सुरुवातीला अंगणभर फिरून दगड, खिळे, काचा उचला, आणि मशीन चालू असताना 15 मीटरच्या आत कोणी नको. अडकलेलं गवत काढण्याआधी बॅटरी बाहेर काढा, पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी.

रविवारी झाडाचा माणूस मिळाला नाही, तर रविवार माळ्यावर आणि ओल्या खोलीत घालवा. मुलाला टॉर्च द्या, रेघ त्याला शोधू द्या. फांदी उतरल्यावर, नवी कौलं बसवण्याआधी, त्या जागेचे वासे उघडे असतानाच प्रत्येकाला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायला सांगा. कडक लागला तर ठीक. टोक आत रुतलं किंवा लांबट चीर दिसली, तर सुताराला बोलावून तेवढा वासा बदलून घ्या, वर कौलं चढली की पुन्हा उघडणं होत नाही. काय निघालं ते मला जरूर कळवा.